फ्रेम-मोजणी, टप्पा ३: ‘टूज’ ओळखताना फसवणारी फाइल

या टप्प्यात काम एकच: अ‍ॅनिमेशनच्या वेगवेगळ्या शैलींचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेऊन एकेक चित्र किती फ्रेम टिकतं ते मोजायचं. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये टिंबाच्या कळीने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाच्या कळीने एक मागे.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असेल तर ‘वन्स’. एकच चित्र दोन फ्रेम धरलं तर ‘टूज’, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मोजताना अख्खा पडदा बघू नका. हनुवटी किंवा मनगट असा एकच बिंदू धरा. कॅमेरा सरकत असला की पार्श्वभूमी दर फ्रेमला हलते आणि टूजवरचं पात्रही वन्सवर आहे असं वाटतं.

आकडे जुळेनात, तर आधी फाइल तपासा. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा ३० फ्रेममध्ये बदललेला असेल तर दर चार फ्रेममागे एक जादा घुसते. मग वन्स १-१-१-२ असे दिसतात आणि टूज २-३-२-३. हा ठेका नियमित आला तर तो फाइलचा दोष, अ‍ॅनिमेटरची करामत नव्हे! टीव्हीवर बघत असाल तर मोशन स्मूदिंग बंद करा. ते मधली चित्रं स्वतःच बनवून घालतं, तिथे मोजणीला अर्थच उरत नाही.

मोजणीचं खरं चीज झालं ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०१८). जंगलातल्या प्रसंगात नवखा स्पायडर-मॅन माइल्स टूजवर आणि मुरलेला स्पायडर-मॅन पीटर वन्सवर, तेही एकाच चौकटीत. माइल्सचा अडखळलेपणा अभिनयाआधी या गणितातच आहे. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’मध्ये (२०१७) सेकंदाला १२ तैलचित्रं आहेत, प्रत्येक चित्रात कुंचल्याचे फटकारे थोडे बदलतात, म्हणून स्थिर भिंतही खदखदते. एरवी दोष मानली जाणारी ही थरथर तिथे मुद्दाम राखली आहे.

स्टॉप-मोशनमध्ये (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढतात ती शैली) मोजणीपेक्षा एक सोपी खूण हाती लागली: वेगाने फिरणाऱ्या हातावर थांबा. बाहुली प्रत्येक फोटोच्या वेळी स्थिर असते, त्यामुळे कडा सहसा धारदार मिळतात. संगणकीय चित्रपटात तिथे बहुधा संगणकाने गणित करून घातलेला धूसरपणा असतो, तर हाताने काढलेल्यात वेग दाखवायला कधीकधी एकाच चित्रात चार बोटांची आठ झालेली सापडतात.