कोणत्या स्त्रीच्या बाजूचे?

प्राचीन ग्रंथांवरचे माझे व्याख्यान संपले की कोणी ना कोणी हमखास विचारते, “कामसूत्र हा स्त्रीवादी ग्रंथ आहे, असे म्हणता येईल का?” विचारणाऱ्याला बहुधा ‘होय’ ऐकायचे असते आणि अनेक वर्षे मी तेच उत्तर आनंदाने देत आले. तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

‘होय’ म्हणायला आधार नाही असे नाही. दुसऱ्या अधिकरणात, म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, स्त्रीच्या कामसुखावर वाद रंगतो. पुरुषाला मिळते तशी तृप्ती स्त्रीला मिळत नाही, असे औद्दालकी हा आधीचा आचार्य म्हणतो. बाभ्रव्य या दुसऱ्या आचार्याच्या अनुयायांच्या मते तिला ती आरंभापासून सलग मिळत असते. आणि कामसूत्राचा कर्ता वात्स्यायन शेवटी ‘जातेरभेदाद्दम्पत्योः सदृशं सुखमिष्यते’, म्हणजे दोघेही एकाच जातीचे जीव असल्यामुळे दोघांचे सुख सारखेच, असा निर्णय देऊन पुरुषाने असे वागावे की तृप्ती आधी तिला मिळेल, असे बजावतो. (या वादात एकही स्त्री बोलत नाही, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आले.)

स्त्रीवादी वाचनाने आणखी एक मोलाचे काम केले आहे. नवऱ्याने आगळीक केली तर पत्नीने फार त्रागा करू नये, पण तो एकटा असताना किंवा मित्रांमध्ये बसलेला असतानाही त्याला टाकून बोलावे, फक्त जडीबुटीचे वशीकरण करू नये, असे चौथ्या अधिकरणात म्हटले आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाच्या नावाने 1883 मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र हीच पत्नी अपशब्द न वापरता समजुतीच्या शब्दांत बोलते. संस्कृतच्या अमेरिकन अभ्यासक वेंडी डॉनिगर आणि भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचे इंग्रजी भाषांतर 2002 मध्ये आले. मूळ संस्कृतातल्या त्या पत्नीचा राग बर्टनच्या भाषांतरात कसा पुसला गेला, हे डॉनिगर यांनी दाखवून दिले.

इथवरचे सगळे मी व्याख्यानांत सांगत असे. पाचव्या अधिकरणातला सत्ताधाऱ्यांविषयीचा अध्याय मात्र वगळत असे, आणि वेळ पुरत नाही हे त्याचे कारण नव्हते. गावचा तरुण अधिकारी, सरकारी अंमलदार किंवा शेतकरी-मुखियाचा मुलगा यांना गावातल्या बायका ‘वचनमात्रसाध्या’ असतात, नुसत्या शब्दासरशी मिळतात, असे तिथे म्हटले आहे. पुढे प्रसंगांची यादी येते: वेठीची कामे, कोठारात शिरणे, माल आत-बाहेर करणे, घराची डागडुजी, शेतीची कामे, कापूस, लोकर, जवस आणि ताग घेणे, सूत घेणे. विट, म्हणजे छंदीफंदी लोक, अशा बायकांना ‘चर्षणी’, म्हणजे स्वैर बायका, म्हणतात, अशी नोंदही सूत्रकार जाता जाता करतो. सदृश सुख, तिची तृप्ती आधी, यांपैकी एकही शब्द या ठिकाणी नाही. ती नकार देऊ शकते का, हा प्रश्नही उपस्थित होत नाही, कारण वेठीला आलेल्या बाईजवळ नकार असतोच कुठे? दुसऱ्या अधिकरणातले औदार्य ज्या दंपतीसाठी आहे, ते नागरकाच्या, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू रसिकाच्या, सजवलेल्या शयनगृहातले आहे.

म्हणून हल्ली मी ‘होय’ किंवा ‘नाही’ न म्हणता, कोणत्या स्त्रीविषयी विचारता, असे उलट विचारते. प्रश्न टाळला म्हणून काही श्रोते नाराज होतात, पण ग्रंथच मला याहून सरळ उत्तर देऊ देत नाही. सहावे, वैशिक म्हणजे गणिकांविषयीचे अधिकरण पाहा. पाटलिपुत्राच्या गणिकांच्या सांगण्यावरून दत्तक नावाच्या आचार्याने त्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचला, असे वात्स्यायन कामसूत्राच्या आरंभीच सांगतो. गणिकांजवळ धन होते, नगरात वजन होते, त्यांनी आपल्या कामाचे शास्त्र लिहवून घेतले. कोठारात उभ्या असलेल्या त्या बाईच्या हातातही सूत्रच होते, पण ते कापसाचे, आणि तेही अंमलदाराकडे जमा करायचे.