आठ वाव पाण्यात

"बाय, जाळ्यात गादो गावलोहा. मेलोहा. टाकून देव काय घेवन येव?"

फेब्रुवारीतली पहाट होती, सहा वाजायला आले होते. फोनवर काका होते, मागे होडीच्या इंजिनाची धडधड. मालवणच्या दक्षिणेला एका छोट्या बंदरावर त्यांची होडी लागते. मी गेली काही वर्षं त्यांच्याकडे जाऊन बसते, जाळ्यात काय आलं ते विचारते, मासळी मोजते. तरी असा फोन मला कधीच आला नव्हता, त्यांचाही नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही.

गादो म्हणजे मालवणीत डॉल्फिन. मी "घेऊन या" म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता.

"केस होवची नाय मा?"

ही भीती खरी आहे. डॉल्फिन आणि त्यांचे सगळे भाईबंद १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, वाघाच्याच पंगतीला. मासळीसाठी लावलेल्या जाळ्यात असा प्राणी अडकून मेला, तर तो गुपचूप पाण्यात सोडून देणं हाच किनाऱ्यावरचा शहाणपणा. मग आठ-दहा दिवसांनी वाळूवर फुगलेलं, कुत्र्यांनी ओढलेलं काहीतरी सापडतं आणि या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या आम्हाला बोलावणं येतं. त्यावरून मृत्यूचं कारण सांगणं जवळपास अशक्य असतं. आमच्या नोंदवहीत 'कारण : अज्ञात' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की ते लिहिताना हात आपोआप चालतो. म्हणून काकांचा तो प्रश्न मला फार जड वाटला. मी वनविभागातल्या ओळखीच्या वनरक्षकांना आधी फोन केला, अपघाताची नोंद स्वतःहून दिली जातेय हे स्पष्ट करून घेतलं आणि मगच काकांना उलट फोन लावला.

होडी वाळूला लागली तेव्हा दिसलं की हा डॉल्फिन नव्हताच. गोल डोकं, चोच नाही आणि पाठीवर पर, म्हणजे उभा पंख, नाही. पराच्या जागी बारीक पुटकुळ्यांची एक पट्टी. हा फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचा एक छोटा नातलग. काका त्यालाही गादाच म्हणतात, बिनपराचा गादा.

या प्राण्याच्या आसपास मी सात वर्षं काम केलंय. होडीतून ठरलेल्या रेषांवर फिरत, दुर्बीण लावून, तासन् तास. जिवंत पॉरपॉइज मी त्या सात वर्षांत मोजून अकरा वेळा पाहिला होता. डॉल्फिन होडीशी खेळायला येतात, हा होडीपासून लांब जातो. उडी मारत नाही. श्वासापुरती पाठ वर येते आणि बुडते. समुद्रावर जरा पांढरे तुरे उठले की तो शोधणंच बंद करावं लागतं. सांगलीकडच्या माझ्या गावातल्या लोकांना वाटतं की मी रोज समुद्रात पोहते. खरं तर माझं निम्मं आयुष्य सपाट पाण्याकडे बघण्यात आणि 'काही दिसलं नाही' असं लिहिण्यात गेलं.

काकांनी पाण्यातून काढला तेव्हा तो राखाडी होता म्हणे. आठच्या सुमारास मी पोचले तेव्हा कातडी गडद होत होती आणि दहापर्यंत ती काळी पडली. पूर्वीच्या अभ्यासकांच्या हाती मेलेलेच प्राणी यायचे, म्हणून जुन्या पुस्तकांत या जातीला काळा पॉरपॉइज म्हटलेलं सापडतं. १८२९ साली जॉर्ज क्यूव्हिए यांनी या जातीचं पहिलं वर्णन केलं तेही एका कवटीवरून. ती कवटी आफ्रिकेच्या टोकाकडून आली असा समज होता. आता अभ्यासक मानतात की ती बहुधा मलबारची, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची. वाळूवर गुडघे टेकून टेप लावताना मला ते आठवत होतं. दोनशे वर्षं होत आली आणि आपल्या दारातल्या या प्राण्याशी आपली भेट अजून अशीच होते.

वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत १४८ सेंटिमीटर. मादी. दात फावड्यासारखे चपटे, डॉल्फिनचे टोकदार असतात. उजव्या वल्ह्यासारख्या पंखाच्या पुढच्या कडेवर आणि तोंडाच्या कोपऱ्यात बारीक सरळ चिरा होत्या, नायलॉनच्या दोऱ्याच्या. तालुक्याचे पशुवैद्यकीय डॉक्टर आले, वनरक्षकांनी पंचनामा सुरू केला आणि आम्ही छेद घेतला.

श्वासनलिकेत फेस होता. पोटात कोळंबीची सालं, माकुलाच्या (स्क्विडच्या) चोची आणि मासळीच्या कानातले पांढरे खडे. त्यातला मोठा खडा काकांनी लांबूनच ओळखला, "ढोमो." म्हणजे मरायच्या थोडा वेळ आधी ती नीट जेवली होती. अंगावर चरबी चांगली, कुठे आजाराची खूण नाही. निरोगी प्राणी आठ वाव, म्हणजे सुमारे पंधरा मीटर खोल पाण्यात श्वासासाठी वर येऊ शकला नाही, इतकंच. माझ्या वहीत कारण पहिल्यांदाच इतकं स्वच्छ होतं.

मग गर्भाशय उघडलं.

पिल्लू नर होता, ६१ सेंटिमीटरचा. शेपटीचे दोन्ही पंख आत दुमडलेले, अंगावर घड्यांच्या फिक्या रेषा, पाठीवर आईसारखीच ती पट्टी उमटलेली. या जातीत गर्भ दहा-अकरा महिने वाढतो आणि मादी साधारण दोन वर्षांतून एकदा विते. हे मी कितीतरी सादरीकरणांत सांगितलंय. त्या दिवशी डॉक्टर थांबले, मी थांबले, आणि कुणी काही बोललं नाही.

पंचनाम्याच्या नमुन्यात 'संख्या' असा रकाना असतो. वनरक्षकांनी तिथे '१' लिहिलं. काका मागून म्हणाले, "दोन लिवा."

तसं लिहिता येत नव्हतं. शेऱ्यात सविस्तर नोंद केली, ती मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही हे मला कळलं.

"ह्येका जाळा कळणा नाय?" त्यांनी विचारलं. "आंधारात मासो गावता, मगे जाळा कसा कळणा नाय?"

प्रश्न अगदी मुळाचा होता. पॉरपॉइज आवाजाने बघतो. त्याची टकटक सुमारे १४० किलोहर्ट्झची असते, आपल्याला २० च्या पुढचं ऐकूच येत नाही. पण बारीक नायलॉनचा दोरा भिजला की पाण्यात जवळजवळ विरघळतो, त्यावरून परतणारा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. त्यात समोर ढोमा पळत असेल तर लक्ष सगळं त्याच्यावर. मी हे सांगितल्यावर काका आपल्या जाळ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

भरती-रेषेच्या वर खड्डा त्यांनीच खणला. गर्भ अख्खा जतन करावा असं शास्त्र सांगतं. तसे नमुने फार थोडे आहेत आणि माझ्याकडे परवानगीही होती. मी ऊतींचे तुकडे घेतले, आईचे दात घेतले, कवटीसाठी वर्षभराने परत येण्याची जागा आखून ठेवली आणि पिल्लू तिच्याजवळ ठेवलं. आमच्या गटात यावर नंतर वाद झाला. मी चुकले असेन, पण तेव्हा मला दुसरं काही करवलं नाही.

काकांचा तो दिवस बुडाला. जाळं चार ठिकाणी फाटलं होतं. संरक्षित प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळं कापलं तर राज्य सरकार २०१८ च्या डिसेंबरपासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं आणि त्या योजनेमुळे कितीतरी कासवं वाचलीत. पण पॉरपॉइज पाण्याखाली काही मिनिटांत गुदमरतो, रात्री लावलेलं जाळं पहाटे ओढेपर्यंत सोडवायला जिवंत उरत नाही. मी काकांना एवढंच विचारू शकले की जाळं कुठे लावलं, किती वाव पाण्यात, किती तास, हे ते रोज सांगतील का.

"गावलो तर सांगतंय."

"नाही गावला तरी सांगा, काका."

हे त्यांना विचित्र वाटलं. पण शंभर रात्री जाळं लावून एकदा सापडतो की दहा रात्रींतून एकदा, हे रिकाम्या रात्री मोजल्याशिवाय कळत नाही. कुठल्या खोलीवर, कुठल्या महिन्यात जाळं लावणं टाळावं, हे त्याच्याही पुढचं. पाच मिनिटं विचार करून ते हो म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा आवाजी निरोप येतो. मी तो ऐकते आणि वहीत शून्य लिहिते. आता त्यांच्या सांगण्यावरून त्याच बंदरातल्या आणखी चार होड्या निरोप पाठवतात. आजचा काकांचा निरोप असा होता : "धा वाव. सांजेक लावलंय, पाटे ओडलंय. सरंगे बावीस, सुरमय तीन. गादो नाय."