तुम्ही विचारलंत म्हणून: अपील केलं होतं ना, मग रान गेलं कसं?

कुठल्याही लग्नात किंवा दहाव्याला कोणीतरी विचारतंच, "अपील केलं होतं ना तुम्ही, मग विहिरीकडचं रान गेलं कसं?" आणि मी तोंड उघडायच्या आत दुसराच सांगतो, "हरले ते." तर एकदा लिहूनच टाकतो, आमचं ऐकलंच गेलं नाही हो, हरायची वेळच आली नाही.

अपील सुनावणीला पुकारलं आणि आपल्या बाजूने ना आपण ना वकील, कोणीच उभं राहिलं नाही तर कोर्ट ते काढून टाकू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 41, नियम 17, आता तोंडपाठ झालाय. 1976 च्या दुरुस्तीनंतर तर गैरहजेरीत गुणदोषावर अपील फेटाळताच येत नाही, म्हणजे आमची बाजू खोटी असं कुणी म्हटलेलंच नाही. पण खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो आणि अपिलात मिळालेला स्टेही त्याच्याबरोबर जातो. फौजदारी अपील असं नुसतं गैरहजेरीवर काढता येत नाही, दिवाणीत येतं.

आता का गेलो नाही ते. जानेवारी होता, आदल्या संध्याकाळी चिटबॉयचा, म्हणजे कारखान्याच्या ऊसतोडीच्या पाळ्या बघणाऱ्या माणसाचा फोन, उद्या तोडणीची टोळी तुमच्या फडात. ज्याच्या घरी ऊस आहे त्याला पुढचं सांगायला नको, तोड नाकारली की पाळी परत कधी येईल देव जाणे. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे धरलेले, त्यांना एसटीत चढवणं शक्य नव्हतं. आधी वीसेक तारखा नुसत्या पुढे ढकललेल्या. वकिलांना फोन केला, म्हणाले मी बघतो, आणि पुकारा झाला तेव्हा ते दुसऱ्या कोर्टात होते. कोर्टाच्या रोजनाम्याची, म्हणजे त्या दिवसाच्या नोंदीची, नक्कल नंतर काढली, त्यात एवढंच, "अपीलकर्ता व वकील पुकारले असता गैरहजर."

हे आम्हाला कळलं जूनमध्ये, दरखास्तीची, म्हणजे खालच्या निकालाच्या अंमलबजावणीची, नोटीस दारात आली तेव्हा. अपील परत बोर्डावर घ्या म्हणायला मुदत 30 दिवसांची, म्हणून त्यासोबत विलंब माफीचा अर्ज. वकील म्हणाले अण्णा आजारी होते असं लिहू, आणि ते खोटं नव्हतं, गुडघ्यांचे कागद होते. अण्णांनी मात्र शपथेच्या टेबलापाशी मला हळूच विचारलं, "उसाचं लिहिलंयस का रे?" मी म्हटलं, नको, ते टिकत नाही. त्यांनी सही केली.

आणि सुनावणीला समोरच्या वकिलांनी कारखान्याची वजनपावती काढली. त्याच तारखेची, अण्णांच्या नावाची, एका ट्रॉलीचं वजन 11 टन 340 किलो. समोरची बाजू म्हणजे चुलतभाऊच, तो त्याच कारखान्याचा सभासद, त्याला पावती मिळवायला कितीसा वेळ. म्हणाले, वडील आजारी असतील, मुलगा तर फडात होता, म्हणजे यायला माणूस होता. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा 1981 चा निकाल दाखवला, वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको असं त्यात आहे. जज्जसाहेबांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पाच महिने तुम्ही वकिलांकडे चौकशी केलीत का?" मी नाही म्हणालो. अण्णा मागच्या बाकावर होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

अर्ज नामंजूर. हायकोर्टात जाता आलं असतं, अण्णा नको म्हणाले.

तेव्हाचा मी म्हणायचो वकील कशाला ठेवलाय मग, आणि आजही ते मला सगळं चूक वाटत नाही. पण ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकला की तारखेला काय झालं ते दिसतं, आणि तो नंबर माझ्याच पाकिटात घडी करून ठेवलेला होता.

विहीर अण्णांनी स्वतःच्या पैशाने खोदली त्याच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. खालच्या कोर्टाने त्या धरल्या नाहीत, अपील त्यासाठीच होतं. जिल्हा कोर्टाने बघून नाही म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो का, खरंच सांगता येत नाही. अण्णा परवा पेटीला परत डांबरगोळ्या घालत होते.