पाच नंबर

सहकारनगरातल्या बंगल्यावरून काकांचा फोन आला तो थेट मागणी घेऊनच. "आमच्या अलार्ममध्ये कोणाकोणाचे कोड आहेत ते मला बघायचेत. नुसती नावं नकोत, आकडे दिसले पाहिजेत."

काका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले, हे गेल्यावर कळलं. तसं ते न सांगताही कळलं असतं. टेबलावर आखीव वही उघडून ठेवलेली. मॅन्युअल वाचून त्यांनी की-पॅडवर स्टार-सहा दाबून इव्हेंट लॉग, म्हणजे अलार्म कोणी केव्हा लावला-बंद केला त्याच्या नोंदी, उघडला होता आणि एकेक नोंद वहीत उतरवली होती. लॉग वाचणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. लाल पेनाने अधोरेखित केलेल्या ओळी सगळ्या एकाच नंबरच्या. पाच नंबर, अलार्म बंद, पहाटे 4:05. पाच नंबर, 4:10. पुन्हा 4:05.

पाच नंबरचा कोड स्वयंपाकाच्या मावशींचा. काकांनी आवाज खाली आणला, "हिने कोड कोणाला तरी दिलाय. पहाटे घरात कोणीतरी येतंय." काकू काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता, म्हणजे मावशी दहा पावलांवरच होत्या.

पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, डीएससी कंपनीचं, जुनं, बसवणाऱ्यांनी धंदा केव्हाच गुंडाळलेला. काकांना म्हटलं, कोड दिसणार नाहीत. स्टार-पाच, मग मास्टर कोड, मग बाणाने एकेक नंबर पुढे न्यायचा. ज्या नंबरवर कोड भरलाय तिथे नुसतं 'पी' उमटतं. विसरलात तर त्याच नंबरवर नवा घाला, जुना वाचायला मिळत नाही. "माझ्याच घराचे कोड मलाच दिसत नाहीत?" नाही दिसत, आणि तेच बरं. निम्मे लोक इथे एटीएमचा पिन घालून ठेवतात.

मग भरलेल्या नंबरांची यादी काढायला बसलो. एक काका, दोन काकू, तीन अमेरिकेतला मुलगा, चार भाचा. सहा? बराच वेळ कोणाला आठवेना. काकूंना आठवलं, काकांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर ठेवलेली नर्स. सात रंगारी. आठ जुना ड्रायव्हर, जो भांडून गेला होता. नऊ नंबर कोणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे कोड चालू. नंबर दाबून स्टार दाबला की कोड पुसला जातो, दोन सेकंदांचं काम, पण माणूस घरातून गेला की त्याचा कोडही जायला हवा हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. नर्सकडून घराची किल्ली मात्र काकूंनी आठवणीने मागून घेतली होती.

मास्टर कोड चाळीस नंबरवर असतो. तो कारखान्यातून येतो तसाच होता, 1234. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. (इन्स्टॉलर कोड, म्हणजे अलार्म बसवणाऱ्याचा कोड, तोही कारखान्याचाच निघाला. तो इथे लिहीत नाही, शोधणाऱ्याला सापडतोच.)

की-पॅडच्या बटणांवर 1, 4, 8 आणि 9 एवढेच आकडे झिजलेले, बाकीचे कोरे करकरीत. कोडचे चार आकडे कळले की चोवीस जुळण्या उरतात. त्यात सुरुवात 19 ने धरली तर दोनच, 1948 नाहीतर 1984. काकांच्या वयाचा माणूस कुठलं साल घालेल ते सांगायला चोर कशाला हवा. आता तो कोड बदललाय.

तेवढ्यात माझं लक्ष स्क्रीनवरच्या वेळेकडे गेलं. 11:20, बरोबर. पण पुढचं बारीक अक्षर रात्रीचं होतं आणि तारीख कालची. काकांची वही पुन्हा मागितली आणि लाल नसलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, हा एक नंबर कोण?"

"मी."

"सकाळी साडेदहाला स्टे, म्हणजे घरात असतानाचा अलार्म, लावून झोपता तुम्ही?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ स्वतःच वाचली. काकू पहिल्यांदा हसल्या.

झालं होतं असं. पावसाळ्यात लाइट बराच वेळ गेलेली. पॅनलमधली सात अँपिअर-अवरची बॅटरी पार मेलेली, या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांपलीकडे धरवत नाहीत. पॅनल पूर्ण बंद पडून परत आलं की घड्याळ हरवतं आणि पिवळा दिवा लागतो. तो दिवा घालवायला भाच्याने वेळ भरली. पॅनलला चोवीस तासांची वेळ लागते. याने दुपारी पावणेतीनला 1445 ऐवजी 0245 भरलं. तेव्हापासून सगळ्या नोंदी बारा तास मागे. पहाटे चारला येणारं ते 'कोणीतरी' म्हणजे काका-काकू वामकुक्षीत असताना दुपारी चारच्या चहाला लॅचच्या किल्लीने येणाऱ्या मावशीच.

बॅटरी बदलली, घड्याळ लावलं, सहापासून नऊपर्यंत सगळं पुसलं. राहिला मावशींचा नवा कोड. काकूंनी त्यांना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, पण की-पॅडजवळ येईनात. इतका वेळ सगळं कानावर पडत होतं.

"माझा नंबर काढून टाका, दादा. मला नको. मी बेल वाजवीन."

काकू म्हणाल्या, अगं, आता कळलं ना सगळं. काका म्हणाले, तसं काही नव्हतं हो. मावशी माझ्याकडेच बघत होत्या. मी पाच दाबलं, स्टार दाबला आणि 'पी' गेलेला त्यांना दाखवला. मग त्यांनी कनवटीची लॅचची किल्ली काढून टेबलावर, त्या वहीवर ठेवली आणि पोळ्या करायला आत गेल्या.

बिलाचे पैसे पाठवल्यावर काकांचा फोन आला. पावती मिळाली का विचारलं, आणि मग तक्रार, रोज दुपारी चारला झोपेतून उठून दार उघडावं लागतं.