मागच्या चारही नोंदींतले गुण रद्द : तबकडी २ टक्के जास्त वेगाने फिरत होती

ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पलच्या उत्तरकालीन अल्बमांना मार्चपासून मी इथल्या नोंदींत दिलेले सगळे गुण आज मागे घेत आहे. ज्या तुलनेवर ते गुण आधारलेले होते, ती तुलनाच सदोष निघाली. 'इन रॉक' आणि 'मशीन हेड' हे दोन्ही जुने अल्बम आपण माझ्या टर्नटेबलवर एलपी लावून ऐकले, आणि 'पर्पेंडिक्युलर'पासून पुढचे सगळे सीडीवरून. ते टर्नटेबल सुमारे २ टक्के जास्त वेगाने फिरत होते. म्हणजे दर रविवारी नागपूरच्या धरमपेठेतल्या या खोलीत आपण जुन्या अल्बमांना आहेत त्यापेक्षा अधिक चपळ करून ऐकत होतो आणि नव्यांना त्यांच्या मूळ चालीत, आणि मग नवे ओढल्यासारखे वाटतात अशी तक्रार करीत होतो. तिसऱ्या नोंदीत २०१३च्या 'नाऊ व्हॉट'विषयी 'चाल जड आहे, दम संपल्यासारखा वाटतो' हे वाक्य मीच लिहिले होते. ते वाक्य मी विनाअट परत घेतो.

दोष सापडला तो हार्मोनियममुळे. आपल्यातले भजनी मंडळात पेटी वाजवणारे मित्र त्या रविवारी कार्यक्रमातून थेट इकडे आले आणि पेटी त्यांच्यासोबतच होती. 'मशीन हेड'मधल्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरावट 'जी मायनर' या पट्टीत आहे, म्हणजे पेटीवर पांढरी पाच धरून ती सहज वाजायला हवी. त्यांनी पांढरी पाच दाबली, मान हलवली, अर्धा स्वर वरची काळी चार दाबली, पुन्हा मान हलवली. "भाऊ, तुमची तबकडी चढी वाजून राहिली," ते म्हणाले, "पांढरी पाचच्या वर हाये आणि काळी चारच्या खाली." पेटीच उतरली असेल असे मला वाटले. तेव्हा त्यांनी तेच गाणे फोनवर लावले आणि पांढरी पाच तंतोतंत जुळली. अर्धा स्वर चढायला वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढावा लागतो. आपली तबकडी अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी चढी होती, म्हणजे २ टक्के. त्याच रात्री मी 'चाइल्ड इन टाइम' पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत घड्याळ लावून दोनदा मोजले. दहा मिनिटांहून थोड्या मोठ्या त्या गाण्याला एलपीवर सीडीपेक्षा १२ सेकंद कमी लागले. हिशेब जुळला.

कारण शोधण्यात मात्र सहा आठवडे गेले, आणि त्यातले पहिले तीन मी केवळ चुकीच्या जागी शोधण्यात घालवले. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दिवसभर कूलर चालतात आणि संध्याकाळी व्होल्टेज वरखाली होते, म्हणून मी आधी विजेवर संशय घेतला आणि टर्नटेबलसाठी वेगळा स्टॅबिलायझर आणला. त्याने तसूभरही फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता, कारण या यंत्रातली मोटर सिंक्रोनस आहे. तिचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, तो विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेवर ठरतो. हे मला माहीत असायला हवे होते. त्यानंतर मी उन्हाने मोटरची गती तबकडीपर्यंत नेणारा रबरी बेल्ट सैल झाला असेल असे धरून चाललो, पण सैल बेल्ट घसरतो आणि घसरणारा बेल्ट वेग कमी करतो, वाढवत नाही. शेवटी प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, उतरवून बेअरिंग पुसले आणि शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. फिरणे अधिक शांत झाले, वेग होता तिथेच राहिला.

यापुढची अडचण मोजमापाची होती. वेग तपासायच्या स्ट्रोब चकतीवर, ती ५० हर्ट्झच्या विजेसाठी असेल तर, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांकरिता १८० रेषा असतात. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि तबकडीचा वेग अचूक असेल तर त्या प्रकाशात रेषा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. मी चकती लावली तेव्हा रेषांच्या जागी एकसारखा राखाडी पट्टा दिसला. खोलीतले सगळे दिवे एलईडी आहेत आणि त्यांचा प्रकाश जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे चकती निरुपयोगी ठरते. तशी लुकलुकणारी चोकवाली ट्यूबलाइट घरात आता एकही उरलेली नाही. दोन रात्री मी फोनमधल्या वेग मोजणाऱ्या अ‍ॅपवर काम भागवू पाहिले, पण ते दर वेळी वेगळा आकडा दाखवी. फोन प्लॅटरच्या अगदी मध्यावर ठेवणे हाताने जमत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

उपाय डोळ्यांसमोरच होता. माझ्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावर नारिंगी उजेडाचा छोटा निऑन इंडिकेटर आहे, आणि निऑन विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला पेटतो व विझतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. खोलीतला दिवा मालवला, बोर्ड उचलून प्लॅटरच्या कडेपासून चार बोटांवर धरला आणि राखाडी पट्ट्यातून रेषा वर आल्या. त्या उभ्या राहिलेल्या नव्हत्या. फिरण्याच्या दिशेने, सावकाश आणि अगदी एकसारख्या गतीने त्या पुढे सरकत होत्या. एका रेषेवर नजर ठेवून मी मोजले : सेकंदाला दोन. अचूक वेगाला सेकंदात १०० रेषा नजरेसमोरून जायला हव्यात, इथे १०२ जात होत्या. पेटीने जे सांगितले तेच या नारिंगी ठिपक्याने सांगितले. अंधारात बोर्ड हातात धरून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. इतक्या आठवड्यांनंतर दोष पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होता आणि त्याचा आनंद मी लपवणार नाही.

मोटर निर्दोष, बेअरिंग निर्दोष, तेव्हा उरली मोटरवरची पुली आणि बेल्ट. बेल्ट मी फेब्रुवारीत बदलला होता हे तेव्हा आठवले. आपले गुणांकन त्यानंतरच्याच महिन्यात सुरू झाले. ज्या विक्रेत्याकडून तो मागवला, त्याने लांबी आणि रुंदी बरोबर दिली होती आणि जाडीचा उल्लेखच केला नव्हता. मीही तो विचारला नाही. जुना बेल्ट सुदैवाने डब्यात होता. ओळखीच्या घड्याळजींकडे दोन्ही बेल्ट घेऊन गेलो. त्यांनी मायक्रोमीटर रबराला दाबणार नाही इतक्या हलक्या हाताने लावला. जुना ०.६ मिलिमीटर भरला, नवा ०.८. पुलीचा व्यास १० मिलिमीटर. बेल्ट पुलीवरून वळतो तेव्हा वेग ठरतो तो पुलीचा व्यास अधिक बेल्टची जाडी यांवर, म्हणजे आधी १०.६ आणि आता १०.८. वाढ जवळपास १.९ टक्के. प्लॅटरच्या मोठ्या व्यासात तेवढ्याच ०.२ मिलिमीटरचा परिणाम नगण्य असतो, म्हणून ही वाढ जवळजवळ पूर्णच्या पूर्ण वेगात उतरते. केसाच्या दोन-तीन पदरांइतक्या जाडीने आपले चार महिन्यांचे गुणांकन बिघडवले.

बेल्टच्या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे. 'सर्व मॉडेलांना चालेल' असे लिहिलेला बेल्ट कोणीही घेऊ नये आणि जाडीचा आकडा लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मला योग्य बेल्ट इथल्या महाल भागातल्या एका जुन्या टेप-रेडिओ कारागिरांकडे मिळाला. त्यांनी माझा जुना बेल्ट बोटांत धरून ताणला, उजेडाकडे नेऊन पाहिला आणि मागच्या कपाटातून त्याच जातीचा काढून दिला. मायक्रोमीटरवर ०.६ भरला. आता पाच सेकंदांत एक रेषा पुढे सरकते, म्हणजे ०.२ टक्के. तेवढा फरक मी स्वीकारला आहे.

गेल्या रविवारी कूलर बंद करून, घाम पुसत, आम्ही चौघांनी 'मशीन हेड' पहिल्यापासून ऐकला. 'हायवे स्टार' आता धावत सुटलेली वाटत नाही. ती पक्क्या पकडीने चालते, आणि जॉन लॉर्ड यांच्या हॅमंड ऑर्गनला खालच्या पट्टीत जो भार आहे तो मला या प्रतीवर प्रथमच जाणवला. अल्बम कणभरही कमी झाला नाही, तो अधिक रुंद झाला. गायक इयान गिलन यांच्या आवाजाबाबत मात्र आपली मोठी चूक होत होती. १९७० आणि १९७२च्या या दोन अल्बमांच्या वेळी ते पंचविशीच्या आसपास होते. तो आवाज आपण आणखी चढवून, आणखी कोवळा करून ऐकत होतो, आणि त्याची तुलना २०१३ साली सदुसष्ट वर्षांच्या गायकाशी, त्याच्या खऱ्या पट्टीत, करीत होतो.

त्यानंतर लगेच 'नाऊ व्हॉट' लावला. गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९९३मध्ये बाहेर पडले, स्टीव्ह मोर्स १९९४मध्ये आले, २००२मध्ये लॉर्ड यांनी जागा सोडली आणि डॉन एअरी आले, आणि २००५च्या 'रॅप्चर ऑफ द डीप'नंतर आठ वर्षे नवा अल्बमच नव्हता. ही सगळी पार्श्वभूमी आपणा सर्वांना ठाऊक आहे. लॉर्ड जुलै २०१२मध्ये गेले, आणि 'अबव्ह अँड बियाँड' व 'अनकॉमन मॅन' ही दोन गाणी त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहेत. 'अनकॉमन मॅन'च्या आरंभी मोर्स यांची गिटार घाई न करता एकटी पुढे येते आणि ऑर्गन तिच्यासाठी जमीन तयार करतो. एप्रिलमध्ये मी याच भागाला 'लांबलेला' म्हटले होते. या वेळी कोणी बोलले नाही. पेटीवाल्या मित्रांनी गाणे संपल्यावर ते पुन्हा लावायला सांगितले. निर्माते बॉब एझ्रिन यांनी या वाद्यमेळाला मोकळे अंतर दिले, प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा दिली, असे माझे आताचे मत आहे. १९९६च्या 'पर्पेंडिक्युलर'शिवाय उत्तरकाळात काही नाही, हा माझा जुना हट्ट मी सोडतो.

हट्ट सोडला तरी 'पर्पेंडिक्युलर'ची जागा मी कोणाला देणार नाही. 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'मध्ये मोर्स यांनी ब्लॅकमोर यांची नक्कल करायचे टाळले आणि त्या एका निर्णयाने वाद्यवृंदाला पुढची अडीच दशके मिळाली. कल्पना चावला यांनी कोलंबिया यानातून सोबत नेलेल्या सीडींमध्ये 'मशीन हेड' आणि 'पर्पेंडिक्युलर' दोन्ही होत्या, याची आठवण मी जुना-नवा वाद घालणाऱ्यांना नेहमी करून देतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान कोसळल्यानंतर मोर्स यांनी लिहिलेली 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' ही छोटी वाद्यरचना त्याच वर्षीच्या 'बनानाज'च्या शेवटी आहे. तो अल्बम मला अजूनही विस्कळीत वाटतो, पण शेवटच्या त्या दीड मिनिटासाठी मी तो पुन्हा पुन्हा लावतो.

पुढच्या रविवारी सगळ्या अल्बमांचे नव्याने गुणांकन करायचे, असे ठरले होते. हे लिहिता लिहिता मला ते घाईचे वाटू लागले आहे. वेगाचा दोष गेला, आवाजाच्या पातळीचा दोष तसाच आहे. नव्वदीच्या उत्तरार्धापासूनच्या अनेक सीडी जुन्या एलपींपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या (अंतिम प्रत बनवलेल्या) असतात, आणि एकाच संगीताच्या दोन आवृत्त्यांतली जी एखाद्या डेसिबलने मोठी असते ती कानाला आधी आवडते आणि तासाभराने थकवते. १९९८च्या 'अबॅन्डन'ने आपण सर्वच थकलो होतो. दोष अल्बमचा की पातळीचा, हे आज मी सांगू शकत नाही. तेव्हा आधी प्रत्येक अल्बमची सरासरी लाऊडनेस संगणकावर मोजून सगळे एका पातळीवर आणावे लागतील. एलपीवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणाचा डायनॅमिक रेंजचा, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतल्या अंतराचा, आकडा पाहून कोणी भुलू नये, एवढी विनंती : मास्टर तेच असले तरी एलपीवरून तो आकडा फुगून येतो.

आणि आत्ता सुचलेली गोष्ट अशी की वेगवेगळ्या गाण्यांची तुलना करण्याआधी एकाच रचनेची तुलना का करू नये? 'इन रॉक'मधले 'ब्लडसकर' त्यांनी 'अबॅन्डन'साठी पुन्हा वाजवले. १९६८च्या पहिल्या अल्बमची सुरुवात करणारी 'अँड द अ‍ॅड्रेस' ही वाद्यरचना २०२०च्या 'वूश'मध्ये पुन्हा आली, आणि दोन्ही मुद्रणांत वाजवणारा एकच माणूस आहे, ड्रमवर इयान पेस. तेच गाणे, तोच हात, मध्ये बावन्न वर्षे. तेव्हा पुढच्या रविवारी पूर्ण अल्बम नको, या दोन जोड्याच ऐकू. पातळी मी शनिवारपर्यंत जुळवून ठेवतो. जोडीतले कोणते आधी लागेल ते पेटीवाले मित्र चिठ्ठी काढून ठरवतील आणि आम्हाला सांगणार नाहीत. ज्यांच्याकडे पहिल्या अल्बमची एलपी असेल त्यांनी ती आणावी, मात्र दुपारी गाडीत ठेवून नव्हे, उन्हाने ती वाकते; संध्याकाळी सातनंतर. २०२४चा 'इक्वल्स वन', मोर्स यांच्यानंतरचे गिटारवादक सायमन मॅकब्राइड यांच्यासह झालेला पहिला, त्याच्यानंतरच्या रविवारी घेऊ.