लाइन आधी, मॉडेम नंतर : आमची वाटचाल

कॉम्प्युटर विक्रेत्यांच्या स्नेहमेळाव्यात 'सांगलीला इंटरनेट दाखवणारे' म्हणून ज्यांना शाल-श्रीफळ मिळालं, त्यांचं दुकान एके काळी आमच्या बरोब्बर समोर होतं. नाव घेत नाही. आमच्या घरात त्यांना 'समोरचे' एवढंच म्हणतात. सत्काराचं मला काही नाही, पण सत्काराच्या भाषणात 'सांगलीला इंटरनेट यांनीच दाखवलं' असं जे ठोकून दिलं गेलं ते ऐकून जुनी गिऱ्हाइकंच म्हणाली, मालक, आता तुम्ही लिहाच.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण ते मोठ्या शहरांत. आम्ही १९९६ मध्ये गाळा घेतला तेव्हा सांगलीतून जोडायचं म्हणजे पुण्याला एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा फोन, लावायचा. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, त्यामुळे आमचा खरा धंदा अकरानंतरचा. दिवसा असेंबल्ड पीसी आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबिनी, रात्री मॉडेम, म्हणजे फोनच्या लाइनीवरून कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारं यंत्र.

मॉडेम बसवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. एक्स्टर्नल असेल तर सोपं: माउस कॉम १ या सिरियल पोर्टवर, मॉडेम कॉम २ वर, मागे सिरियल केबल, फोनची पिन 'लाइन' लिहिलेल्या भोकात. इंटर्नल कार्ड म्हणजे जंपरचा, कार्डावरच्या छोट्या पिना जोडायचा, खेळ. कार्ड कॉम ३ वर ठेवलंत तर त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, ४ आणि माउसचाही ४. डायल सुरू झालं की बाण जागच्या जागी गोठायचा आणि गिऱ्हाईक आमच्या तोंडाकडे बघायचं. जुन्या मदरबोर्डवर १६५५० ची चिप (सिरियल पोर्टवर आलेली अक्षरं क्षणभर साठवणारी) नसेल तर विंडोज ९५ मध्ये निम्मी अक्षरं वाटेतच गळायची. मी गिऱ्हाइकाकडे जाताना पिशवीत १६५५० वालं एक सिरियल कार्ड कायम ठेवायचो.

त्यात आपल्याकडचा डायलटोन निराळा. मॉडेम अमेरिकेच्या सवयीचा, त्याला आपला टोन ओळखूच यायचा नाही. लाइन छान जिवंत असायची आणि पडद्यावर 'नो डायलटोन'. मग इनिशियलायझेशन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मॉडेमला सुरुवातीला द्यायच्या हुकमात, एक्स ३ घालायचं, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. एक्स्चेंज जुनं असेल तर डायलच्या हुकमात टी (टोन) च्या जागी पी, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखं पल्स डायलिंग. एवढ्या दोन अक्षरांसाठी लोक मिरजेहून आणि इचलकरंजीहून मशीन उचलून आणायचे. पैसे किती घ्यायचे, हा प्रश्न मला तेव्हाही सुटला नाही. दोन अक्षरांचं बिल कसं करणार?

आता अण्णांबद्दल लिहितो. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. राजापुरी हळद बाहेरदेशी पाठवायचे आणि आखातातल्या गिऱ्हाइकाशी फॅक्सवर बोलायचे. आयएसडीचं, म्हणजे परदेशी फोनचं, बिल बघून त्यांना रक्तदाब व्हायचा. मी त्यांना सांगितलं, दिवसभर मेल लिहून ठेवा, रात्री एकदाच जोडा, पाठवा, आलेलं उतरवून घ्या आणि लाइन सोडा. एका फॅक्सच्या पैशात आठवड्याची मेल होईल. त्यांनी ऐकलं. आमच्या दुकानातून रोखीने गेलेला पहिला मॉडेम त्यांचाच.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "अहो इंजिनिअर, तुमचं यंत्र नुसतं वरडतंय, लागत न्हाई." गेलो. लागत होतं, पण १४४०० बीपीएसवर (सेकंदाला इतके बिट), आणि दोन मिनिटांत कॅरिअर, म्हणजे मॉडेमचा जोडणीचा सूर, सुटत होता. मॉडेमला हात लावला नाही. रिसीव्हर कानाला लावला, एक आकडा दाबून टोन घालवला आणि ऐकत बसलो. शांत लाइनवर काही ऐकू यायला नको. इथे मात्र खरखर, मध्येच टक्क. तार धरत धरत माळ्यावर गेलो. पोत्यांच्या थप्पीमागे कौलांखाली एक जोड सापडला. दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप, तीही सुटलेली, आत हळदीची पूड बसलेली आणि तांबं हिरवंगार. ब्लेडने तांबं चकचकीत होईपर्यंत खरवडलं, सोल्डरचा डाग दिला, स्लीव्ह चढवली. खाली येऊन डायल केलं. शिट्टी, घरघर, आणि ३१२००. अण्णांना आकड्याचं काही नव्हतं. ते म्हणाले, "आवाज बदलला बघा." बरोबर ओळखलं माणसाने. हँडशेकचा, म्हणजे दोन मॉडेम एकमेकांशी जुळवून घेतानाचा, आवाज ज्याला कळला त्याला स्क्रीन बघावी लागत नाही.

वरच्या मजल्यावर त्याच लाइनीचा पॅरलल फोन होता. मेल चालू असताना वहिनींनी रिसीव्हर उचलला की खलास. त्यावर उपाय तांत्रिक नव्हता. रात्री अकरा ते सव्वाअकरा त्या फोनवर टॉवेल टाकलेला असायचा.

नोव्हेंबर १९९८ ला खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली. पुढे जवळपास नोड, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडून घ्यायची केंद्रं, आले, लोकल कॉलवर काम भागू लागलं आणि मागणी उसळली. तेव्हाच समोरच्यांनी बोर्ड लावला: 'इंटरनेट मॉडेम, समोरच्या निम्म्या भावात'. 'समोरच्या' म्हणजे माझ्या. काय विकत होते? विनमॉडेम. कार्डावर नावाला चिप, सगळं गणित कॉम्प्युटरच्या प्रोसेसरने करायचं. सेलेरॉनसारख्या स्वस्त प्रोसेसरवर एकीकडे वर्ड आणि दुसरीकडे डायलअप लावलं की मशीन धापा टाकायचं. लिनक्सवर तर ते बहुतेक चालायचंच नाही. हे गिऱ्हाइकाला समजावायला मला अर्धा तास लागायचा आणि 'निम्मा भाव' वाचायला त्याला अर्धा सेकंद.

त्याहून जास्त लागलं ते ११५२०० चं. जोडणी झाली की कोपऱ्यातल्या दोन छोट्या कॉम्प्युटरच्या चिन्हावर त्यांच्याकडे '११५२०० बीपीएस' दिसायचं, आमच्याकडे ३१२०० किंवा ३३६००. ते गिऱ्हाइकाला हात धरून दाखवायचे, बघा, समोर तीस हजार, आपल्याकडे सव्वा लाख! अरे, तो कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यामधला वेग. लाइनवर काय चाललंय त्याच्याशी त्याचा काय संबंध? ५६ के मॉडेमसुद्धा वरच्या दिशेला (आपल्याकडून पाठवताना) व्ही ९० या ५६ के च्या मानकात ३३६०० च्या पुढे जात नाही, आणि खालच्या दिशेलाही ५६ तेव्हाच, जेव्हा मधला सगळा रस्ता डिजिटल असेल. माझ्याकडची पोरं म्हणाली, आपणही सेटिंग बदलून ११५२०० दाखवू. मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन.

२००० च्या सुरुवातीला आमच्याकडे एक्स्टर्नल मॉडेमचे खोके तसेच पडून होते, पतसंस्थेचं कॅश क्रेडिट काठोकाठ, आणि गाळामालक भाडं वाढवायला टपलेला. त्यात एप्रिलमध्ये वळीव आला. वीज पडते कुठेतरी शिवारात, झटका येतो तारेने. सकाळी शटर उघडायच्या आत दारात माणसं उभी, हातात काळे पडलेले मॉडेम. लॅमिंग्टन रोडवरच्या डीलरने 'बर्न्ट आहे, वॉरंटी नाही' म्हणून फोन ठेवला. समोरून अफवा सुटली की एक्स्टर्नल मॉडेम वीज खेचतो. मॉडेम न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं त्यावरून माघारी गेली. त्या महिन्यात पगार द्यायला अण्णांनी पुढच्या वर्षाच्या सर्व्हिसचे पैसे आगाऊ दिले. न मागता दिले, आणि पावतीही मागितली नाही. मी फाडून दिली.

वाचवलं सोल्डरिंग गनने. जळालेले मॉडेम उघडून बघितले तर बहुतेकांत लाइनकडचाच भाग गेलेला. झटका अंगावर घेणारा व्हॅरिस्टर फुटलेला, लाइन ट्रान्सफॉर्मरची तार आत तुटलेली, कधी फोन उचलल्यासारखी लाइन जोडणारा हुकचा रिले चिकटलेला. मुख्य चिप शाबूत. मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवल्या की निकाल लागायचा. व्हॅरिस्टर काही रुपयांचा. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करून आम्ही पंधरवड्यात निम्म्याहून जास्त परत दिले. मग समोरच्यांचीच गिऱ्हाइकं आमच्याकडे यायला लागली, कारण मशीनच्या आत बसवलेल्या पीसीआय कार्डातून आलेला झटका कधी कधी मदरबोर्डही घेऊन जायचा आणि तिथे बोर्ड दुरुस्त होत नव्हता, नवा विकला जायचा. त्या भाषणात ही गोष्ट आली असती तर मी गप्प बसलो असतो.

नव्याने दुकान काढणाऱ्या पोरांना सांगतो, ऐकायचं तर ऐका. खोका विकायच्या आधी गिऱ्हाइकाची लाइन बघा, आता फायबर असला तरी. अर्थिंग तपासल्याशिवाय नेटवर्क स्विच बसवू नका. ढग भरून आले की पिन काढा, कंपनी काहीही म्हणो. उधारी जावयालाही देऊ नका. आणि वेगाचा आकडा दाखवून माल विकू नका, आकडा कशाचा आहे ते आधी स्वतः समजून घ्या.

२००५ ला ब्रॉडबँड आलं, त्याच वर्षी पूर आला, समोरचे मोबाइलच्या धंद्यात गेले. त्यानंतर आम्ही नेटवर्किंग आणि सीसीटीव्ही करतो, बरं चाललंय. अण्णांच्या पेढीचं काम अजून आमच्याकडेच आहे, आता त्यांचा नातू बघतो. भावात घासाघीस आजोबांपेक्षा जास्त करतो.

कपाटात त्या काळातले दोन एक्स्टर्नल मॉडेम आहेत, सगळे दिवे लागतात. त्यांचे अ‍ॅडाप्टर मात्र कुणीतरी उचलून नेले. कुणाच्या माळ्यावर ९ व्होल्टचा असेल तर आणून द्या, योग्य ती किंमत देऊ. एसी आउटपुटचाच हवा. डीसीचा चालत नाही, समोरच्यांनी लावून बघितला होता.