तूच बसवली होतीस की

रोहिण्या लागल्या की माझ्या फोनला उसंत नसते. वर्षभर ज्यांना आपलं गळकं छप्पर आठवत नाही, त्यांना वळवाचे चार थेंब पडले की मी आठवतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी औसा तालुक्यातल्या एका गावाहून अक्कांचा फोन आला. "लेकरा, पनाळ लोंबकळूलालीय. फळी बी सुटलीय बघ."

मी सवयीनं विचारलं, "बसवली कुणी होती, अक्का?"

पलीकडं जरा वेळ आवाज नाही. मग, "तूच की रं."

लातूरला माझं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. दुसऱ्याचं काम उघडून नाकं मुरडायला मला आवडतं, खोटं कशाला बोला. पण इथं कुणाच्या नावानं बोटं मोडणार?

अक्कांचं घर मूळचं माळवदाचं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. माळवदाला छपराचं पाणी धरायला पुढून आडवी पन्हाळ नसते, कडेला दोन-चार पन्हाळी बाहेर काढलेल्या असतात आणि पाणी धो धो अंगणात पडतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अक्कांचं घर पडलं नाही, पण त्यानंतर त्या मातीच्या ओझ्याखाली झोपायला घरातलं कुणी तयार होईना. माती उतरवली, तुळया काढल्या, वर नालीदार पत्रे आले. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ, भिंती आजोबांच्या आणि डोकं पत्र्याचं. पुढं २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, तिच्यात पाच लाख लिटर. ते बघून अक्कांच्या पोरानं मनावर घेतलं, की आपल्या पत्र्यावरचं पाणी टाकीत धरायचं. त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी मी जाऊन वाशांच्या टोकांवर फळी ठोकली आणि फळीवर पन्हाळ. कंत्राटदार त्या फळीला फेशिया म्हणतात, आमच्यात नुसती फळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन गेलो. समोरून बघितलं तर फळी ठणठणीत. मी दिलेला हिरवा ऑइलपेंट अजून चकाकत होता. शिडीवर चढून खालच्या कडेला पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. काहीच लागलं नाही. बाहेर काढला तर तपकिरी भुसा भुरभुरत अंगावर आला. रंगाचा पापुद्रा तेवढा फळीचा आकार धरून उभा होता. मागच्या बाजूला रंगाचा ठिपका नव्हता, नुसती वाळवीची मातट नक्षी. समोरून दिसतं तेवढंच मी रंगवलं होतं. वर लाकूड आंब्याचं. सागवान तेव्हा परवडत नव्हतं, आणि आंब्याला ओल सोसत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

भाचा म्हणाला, "मामा, लिंबाचं काम दिसतंय." पूर्वेला मोठा लिंब, म्हणजे कडुलिंब, आहे. फाल्गुन-चैत्रात त्याचा पाला झडतो, लोक पाडव्याच्या आसपास पन्हाळ साफ करतात आणि आता झालं म्हणून विसरतात. मग ऐन मृगात पिकल्या लिंबोळ्या पडतात, पहिल्याच मोठ्या पावसात पाइपाचं तोंड बंद. अक्कांच्या पन्हाळीत गाळ वाळून भेगाळला होता आणि त्यात गेल्या पावसाळ्यात उगवलेली लिंबाची दोन-दोन बोटं वाळकी रोपं ओळीनं उभी होती, जणू कुणी रोपवाटिका घातली होती.

मलाही ते पटलं असतं. पण फळी पश्चिमेच्या टोकालाही तेवढीच सडलेली. तिथं पाला नाही, गाळ नाही, पन्हाळ लख्ख. बत्तीस फूट फळी सगळीकडं सारखी कशी जाते?

मग भाच्याला बादली देऊन पत्र्यावर चढवलं आणि मी पन्हाळीला डोळा लावून बसलो. त्यानं भसकन पाणी ओतलं. सगळं नीट पन्हाळीत. पुन्हा ओतलं, तसंच. "हळू वत," म्हटलं. त्यानं तांब्या घेऊन बारीक धार धरली. पाणी पत्र्याच्या कडेला आलं, थबकलं, खाली पडायच्या ऐवजी कडेवरून आत वळलं आणि पत्र्याच्या पोटाला चिकटून दोन बोटं मागं जाऊन फळीच्या पाठीवर उतरलं.

अक्का खाली खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हळू वतलं की तांब्याच्या बी पोटावरून येतंय की पाणी. त्याच्यात काय एवढं?"

मी गप्प. मुसळधार पावसानं त्या फळीचं काही बिघडवलं नव्हतं. तो पन्हाळीत उडी मारून जायचा. खाल्लं ते भुरभुरीनं, दिवसदिवस टिकणाऱ्या झिमझिम पावसानं. आणि पत्रा पन्हाळीत दोन इंच तरी पुढं हवा, तो मी फळीच्या रेषेत कटरनं सफाईनं कापला होता. एका रेषेत छान दिसतं म्हणून. कापलेल्या कडेचा जस्ताचा थर गेलेला, त्यामुळं तिथंच तांबारलाही होता.

नवी फळी कशाची करायची यावर जास्त बोलावं लागलं नाही. गोठ्यात १९९३ पासून माळवदाच्या दोन सागवानी तुळया पडून होत्या. अक्का म्हणाल्या, "घे, नाहीतरी कोंबड्याच बसतेत." औशाला कटाईला नेल्या तर वरचा काळा थर गेल्यावर आत सोनेरी लाकूड निघालं. आठ इंची फळ्या पडल्या. या खेपेला वाळवीचं औषध आणि प्रायमर पुढून, मागून, कडांना आणि कापलेल्या दोन्ही टोकांना. टोकाकडूनच लाकूड पाणी जास्त पितं. दोन वाशांची तोंडं गेली होती, त्यांना बाजूनं जोड दिले.

पत्रे बदलायचे म्हणजे खर्च वाढणार. म्हणून सव्वीस गेजच्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्याची काटकोनात वाकवलेली पट्टी केली. एक पाकळी पत्र्याखाली सरकवली, दुसरी पन्हाळीत उतरवली. आता पाणी मागं वळलं तरी पट्टीवर येणार आणि तिथून पन्हाळीत. क्लॅम्प दोन-दोन फुटांवर, खिळ्यांऐवजी स्क्रूनं. पाण्याच्या नळीनं पातळी बघून दहा फुटांना अर्धा इंच उतार दिला, बत्तीस फुटांत दीड इंचाच्या वर थोडा. नजरेला पन्हाळ वाकडी दिसते म्हणून अक्कांच्या पोरानं तक्रार केली. मी त्याला हिशेब सांगितला, तुमच्या या बाजूच्या पत्र्यावर वीस मिलीमीटर पाऊस पडला की आठशे लिटर पाणी येतं, ते सरळ पन्हाळीत तुंबून राहायला नको. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली आणि अक्कांना म्हणालो, मृग लागला की जाळीवरच्या लिंबोळ्या काढत जा.

मजुरी घेतली नाही. अक्का ऐकेनात, निघताना पिशवीत घरच्या तुरीची दोन-अडीच किलो डाळ घातलीच.

आर्द्रात एका सकाळी फोन आला. "भुरभूर येऊलालीय. स्टुलावर चढून फळीमागं हात घातला. कोरडं हाय." सत्तरीच्या बाईनं स्टुलावर कशाला चढायचं, म्हणून मी ओरडलो, तर फोन कट.

त्या रात्री २०१७ ची वही काढली. त्या वर्षी अशी रेषेत कापलेली आणखी अकरा घरं निघाली. सकाळी पहिल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आमची फळी तर एकदम टकाटक आहे हो, रंगसुद्धा उडाला नाही."

"पेचकस आहे का घरात?" मी विचारलं.